वाकड्या कण्यासाठी व्यायाम : माइसेनपासून आजपर्यंत

पोराच्या पाठीला बाक आहे असं निदान झालं की घरातल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : व्यायामाने सरळ होईल का? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला 'हो', 'अजिबात नाही' आणि 'कोणता व्यायाम ते आधी सांगा' अशी तीन उत्तरं मिळाली. एकाच एक्स-रेवर दोन डॉक्टर आजही दोन सल्ले देतात, त्याचं मूळ या इतिहासात आहे.

आधी दुखणं समजून घेऊ. स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे कण्याच्या या बाकात, कणा नुसता बाजूला झुकत नाही. मणके बाजूला सरकतात आणि सरकता सरकता पिळलेही जातात. बरगड्या मणक्यांना जोडलेल्या, त्यामुळे त्याही फिरतात. म्हणून पाठ एका बाजूला उचललेली आणि दुसऱ्या बाजूला खोलगट दिसते. मुलाला कमरेतून पुढे वाकायला सांगितलं की हा उंचवटा लगेच नजरेत भरतो. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज सर्जन विल्यम अ‍ॅडम्स यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. एक्स-रेवर बाकाचा कोन मोजण्याची आजची पद्धत न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली. कोन १० अंश किंवा त्याहून जास्त भरला तर स्कोलिओसिस धरतात. वयात येणाऱ्या मुलांपैकी २ ते ३ टक्के मुलांत तो सापडतो आणि वाढत जाण्याचा धोका मुलींना कितीतरी जास्त असतो. बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकडं बसल्याने हा बाक येत नाही, हे ठासून सांगायला हवं. कारण आया दोष स्वतःकडे घेतात.

शतकानुशतकं यावर दोनच इलाज होते, ताणणं आणि आवळणं. हिप्पोक्रेटिसच्या काळी रुग्णाला फळीवर बांधून ताण देत. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआझ पारे यांनी लोखंडी पत्र्याचे कोर्सेट वापरले. व्यायामाची बाजू त्यामानाने नवी. पॅरिसच्या निकोला आंद्री यांनी १७४१ मध्ये मुलांच्या शरीरातली व्यंगं रोखण्यावर पुस्तक लिहिलं. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द तिथूनच आला, आणि खांबाला बांधलेलं वाकडं रोपटं हे त्यातलं चित्र आजही अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनांचं बोधचिन्ह आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माँपेलिएमध्ये देलपेश यांनी कसरतीची साधनं असलेलं उपचारगृह चालवलं, तर स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये व्यायामाची राष्ट्रीय संस्था उभारली. फिजिओथेरपीच्या खोलीत भिंतीला आडव्या दांड्यांची शिडी दिसते, ती या स्वीडिश परंपरेतली. पण या बहुतेक व्यायामांत मुळातच एक अडचण होती. ते दोन्ही बाजूंना सारखेच करायचे असत. जे शरीर दोन्ही बाजूंना सारखं नाही, त्याला सारख्या व्यायामाने काय मिळणार?

ही अडचण ओळखली ती एका रुग्णाने. काथारीना श्रोट यांचा जन्म १८९४ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. त्यांना स्वतःला स्कोलिओसिस होता आणि सोळाव्या वर्षी पोलादी ब्रेस, म्हणजे धड आवळून धरणारा सांगाडा, चढवला गेला. त्या जाचातून सुटण्यासाठी त्या आरशासमोर स्वतःच्या पाठीवर प्रयोग करू लागल्या. रबरी चेंडूला पोचा पडला तर आतल्या हवेच्या दाबाने तो भरून येतो, मग छातीची खोलगट बाजू श्वासाने का भरून काढता येऊ नये, हा त्यांचा विचार.

तो अमलात कसा येतो, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, छातीच्या भागात बाक उजवीकडे आहे. उजव्या बरगड्या मागे आलेल्या, डावी पाठ आत गेलेली. रुग्ण आधी ओटीपोट आणि कंबर जागेवर आणतो, मग मान वर खेचून कणा शक्य तितका लांब करतो. जमिनीवरचा व्यायाम असेल तर बाहेर आलेल्या भागाखाली तांदळाच्या छोट्या पिशव्या सरकवतात, म्हणजे पीळ उलट दिशेने सुटायला मदत होते. मग थेरपिस्ट डाव्या पाठीच्या खळग्यावर हात ठेवते आणि श्वास तिथेच घ्यायला सांगते. बरगड्या हाताखाली बाहेर आणि मागे सरकल्या पाहिजेत. श्वास सोडताना मिळवलेली ढब सोडायची नाही, उलट सगळे स्नायू आवळून ती धरून ठेवायची. समोर आरसा असतो, कारण वाकड्या शरीराला वाकडं उभं राहणंच सरळ वाटत असतं. ही जाणीव बदलणं हे मला या पद्धतीतलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

१९२१ मध्ये श्रोट यांनी माइसेन गावात छोटी संस्था सुरू केली. रुग्ण तिथे महिनोन् महिने राहत आणि बागेत, उघड्या हवेत व्यायाम करत. वैद्यकीय पदवी नसलेली बाई कणे सरळ करू पाहते, हे तिथल्या प्राध्यापक मंडळींना रुचलं नाही. विरोध पुष्कळ झाला. त्यांची मुलगी क्रिस्टा फिजिओथेरपिस्ट झाली आणि आईच्या निरीक्षणांना तिने शिस्त लावली. बाकांचे प्रकार पाडले, कमरेखालच्या बाकाकडे वेगळं लक्ष दिलं. महायुद्धानंतर दोघी पूर्व जर्मनीतून पश्चिमेला आल्या आणि १९६१ मध्ये झोबर्नहाइममध्ये त्यांनी केंद्र थाटलं. पुढे तिथे एका वेळी दीडशेच्या आसपास रुग्ण राहू लागले. काथारीना १९८५ मध्ये गेल्या.

दरम्यान अमेरिकेत वारं उलट फिरलं होतं. तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या समितीने १९४१ मध्ये ४२५ रुग्णांचा आढावा घेतला. निव्वळ व्यायाम केलेल्यांपैकी जवळपास ६० टक्क्यांचा बाक वाढलाच होता. निष्कर्ष निघाला की व्यायामाचा उपयोग नाही. मग मिलवॉकी ब्रेस आला, त्यामागोमाग शस्त्रक्रियेने कण्याला जोडायचा हॅरिंग्टन यांचा पोलादी रॉड आला आणि पाठ्यपुस्तकांतून व्यायाम जवळजवळ हद्दपार झाला. पुरावा मागणं योग्यच होतं. पण सरसकट सगळ्या व्यायामांना एकाच पारड्यात टाकलं गेलं, ही चूक होती. तिची किंमत पुढच्या दोन पिढ्यांनी मोजली. त्यांच्यापुढे पर्याय उरले 'थांबा आणि बघा', ब्रेस किंवा शस्त्रक्रिया. युरोपात मात्र धागा तुटला नाही. एलेना साल्वा यांनी १९६०च्या दशकात श्रोट पद्धत बार्सिलोनाला नेली. लंडनजवळच्या स्टॅनमोरमध्ये डॉ. मिन मेहता यांनी १९८५ मध्ये धड बाजूला सरकवण्याचा साधा व्यायाम मांडला. इटलीत आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरात वेगळ्या शाखा वाढल्या. २००४ मध्ये या सगळ्यांची मिळून सोसॉर्ट ही आंतरराष्ट्रीय संस्था झाली.

खऱ्या चाचण्या त्यानंतर आल्या. झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याला विचारात घेण्याजोगे जेमतेम दोन अभ्यास सापडले. २०१४ मध्ये इटलीत ११० मुलांवरच्या चाचणीत स्कोलिओसिससाठी खास आखलेल्या व्यायामाने कोन सरासरी ५ अंशांनी उतरला. नेहमीच्या व्यायामाने तो जागच्या जागी राहिला. कॅनडात एडमंटनला ५० मुलांना सहा महिने श्रोट व्यायाम दिले, तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे ३.५ अंशांचा फरक पडला. आकडे लहान आहेत, पण वाढीच्या वयात बाक आहे तिथे रोखला तरी ती मोठी कमाई असते.

योगाबद्दल आपल्याकडे हमखास विचारतात. पुण्याच्या अय्यंगार गुरुजींकडे शिकलेले न्यूयॉर्कचे डॉ. लॉरेन फिशमन यांनी २०१४ मध्ये २५ रुग्णांना वसिष्ठासन (कुशीवर होऊन एका हातावर अंग तोलण्याचं आसन) फक्त एकाच, बाकाच्या फुगीर बाजूवर करायला लावलं आणि सुधारणा नोंदवली. तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. तरी आसन एकाच बाजूने करण्याची कल्पना श्रोट यांच्याशी जुळते, हे खरं.

मोठ्या बाकाची गोष्ट वेगळी. २०१३ च्या अमेरिकी-कॅनडियन चाचणीत ब्रेसने ७२ टक्के मुलांत, तर ब्रेसविना ४८ टक्के मुलांत बाक शस्त्रक्रियेच्या हद्दीपर्यंत गेला नाही. २०२४ मध्ये आलेल्या स्वीडनच्या चाचणीत रात्रीच्या ब्रेसचा फायदा स्पष्ट दिसला, पण ब्रेसविना केलेले खास व्यायाम साध्या हालचालींपेक्षा ठळक सरस ठरले नाहीत. म्हणून २५ अंशांच्या पुढे, वाढ बाकी असताना, ब्रेस काढून फक्त व्यायामावर विसंबायला सांगणाऱ्याला आधी पुरावा विचारावा. आणि लहान बाक असलेल्या मुलीला 'सहा महिन्यांनी या' एवढंच सांगून परत पाठवणाऱ्यालाही, मधल्या सहा महिन्यांत तिने काय करायचं, हे विचारावं.