आयबीडीतली सूज आणि आतड्याच्या स्टेम सेल

आयबीडी म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहणारे आजार, त्यात मुख्य दोन, क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात सलग वर चढत जातो आणि बहुतेक वेळा आतल्या अस्तरापुरताच राहतो, तर क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्ये मध्ये चांगला भाग सोडून होतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार जातो. या आजारांवर बोलताना सगळा भर इम्यून सिस्टिमवर असतो, आणि ते बरोबरच आहे, पण अस्तर पुन्हा उभं करायचं काम ज्या पेशी करतात त्या स्टेम सेलचं या सुजेत काय होतं हे तितकंच महत्त्वाचं आहे आणि पेशंटला ते क्वचितच कोणी समजावून सांगतं.

आतड्याचं अस्तर एकाच पेशीच्या थराचं असतं आणि ते साधारण ३ ते ५ दिवसांत बदलतं. या अस्तरात सूक्ष्म खड्डे असतात, त्यांना क्रिप्ट म्हणतात, आणि स्टेम सेल त्या क्रिप्टच्या तळाशी बसलेल्या असतात. तिथे विभाजन होऊन नव्या पेशी वर सरकत जातात, जाताना कुणी अन्न शोषणारी होते, कुणी म्युकस बनवणारी गॉब्लेट सेल होते, आणि वर पोचल्यावर काही दिवसांत गळून पडते. तळाच्या या बारीक पेशींतूनच सगळे प्रकार तयार होतात असं चेंग आणि लब्लाँ यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं, पण त्या नेमक्या ओळखायची खूण, एलजीआर५ नावाचं जीन, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबमध्ये निक बार्कर यांनी २००७ मध्ये दाखवली. २००९ मध्ये त्याच लॅबमध्ये तोशिरो सातो यांनी अशा एकाच पेशीपासून डिशमध्ये छोटं आतडं वाढवलं, त्यालाच ऑर्गनॉइड म्हणतात, आणि पुढचं जे जे कळलंय त्यातलं बरंचसं या ऑर्गनॉइडमुळेच कळलंय.

स्टेम सेल एकटी जगत नाही, तिचा शेजार तिला स्टेम सेल म्हणून ठेवतो. लहान आतड्यात पॅनेथ सेल तिला खेटून असतात, त्या जंतू मारणारी प्रथिनं सोडतात आणि स्टेम सेलला डब्ल्यूएनटीसारखे, विभागत राहा असं सांगणारे सिग्नलही देतात. मोठ्या आतड्यात पॅनेथ सेल सुरुवातीचा भाग सोडला तर नसतात, तिथे हे काम मुख्यतः अस्तराखालच्या आधार देणाऱ्या पेशी करतात. आणि सूज पहिला घाव बऱ्याचदा या शेजारावरच घालते. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने कोलायटिसच्या पेशंटचं आतडं पेशी-पेशीने तपासलं तेव्हा क्रिप्टला आधार देणाऱ्या पेशी कमी झालेल्या आणि त्यांच्या जागी सूज वाढवणाऱ्या पेशी माजलेल्या दिसल्या. क्रोन्समध्ये तर आनुवंशिक बाजूही आहे, एनओडी२ हे जीन २००१ मध्ये या आजाराशी जोडलं गेलं आणि ते पॅनेथ सेलमध्ये भरपूर काम करतं, एटीजी१६एल१ नावाच्या दुसऱ्या जीनमधला बदल असला की पॅनेथ सेलमधले, जंतू मारणारी प्रथिनं साठवणारे दाणे नीट बनत नाहीत. म्हणजे काही लोकांमध्ये शेजार आधीपासूनच कच्चा असतो, त्यात सूज आली की तो ढासळतो.

आता सुजेच्या सिग्नलबद्दल, कारण सगळ्यात गुंतागुंत इथेच आहे. हे सिग्नल म्हणजे सायटोकाइन, इम्यून पेशी निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं, आणि ती फक्त वाईटच असतात असं नाही. टी सेल नावाच्या इम्यून पेशींमधून येणारं इंटरफेरॉन गॅमा जास्त प्रमाणात स्टेम सेल आणि पॅनेथ सेल दोघींनाही मारतं, पण आयएल-२२ हे दुसरं सायटोकाइनही इम्यून पेशींमधूनच येतं आणि ते थेट स्टेम सेलवर जाऊन तिला विभाजनाला लावतं, हे २०१५ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे ज्या सैन्याने नुकसान केलं त्याच सैन्यातून दुरुस्तीचा हुकूमही निघतो, आणि आयबीडीत हा तोल बिघडतो. याचा धडा एका औषधाच्या चाचणीत मिळाला होता. आयएल-१७ या आणखी एका सायटोकाइनला अडवणारं सेक्युकिनुमॅब सोरायसिस या त्वचेच्या आजारावर उत्तम चालतं म्हणून क्रोन्सवरही वापरून पाहिलं, २०१२ मध्ये निकाल आला, उपयोग तर झालाच नाही, उलट औषध घेणाऱ्यांना त्रास जास्त झालेला दिसला, कारण आयएल-१७ आतड्याची भिंत सांभाळायलाही लागतं. सूज सरसकट दाबायची म्हटलं तर कुठली दाबायची हा प्रश्न त्यामुळेच येतो.

आणखी एक गोष्ट ब्युटिरेटची. मोठ्या आतड्यातले जंतू तंतुमय अन्नापासून ब्युटिरेट बनवतात, वरच्या पेशी ते आवडीने जाळतात आणि ते चांगलंच आहे, पण स्टेम सेलला तेच ब्युटिरेट थांबवतं. निरोगी आतड्यात ते तळापर्यंत पोचत नाही कारण वरच्या पेशी आधीच संपवतात, शिवाय क्रिप्टची खोलीही आड येते. अल्सर झाला की वरचं आवरण जातं, स्टेम सेल उघड्या पडतात आणि जखम भरायचा वेग मंदावू शकतो (हे उंदरांवर २०१६ मध्ये दाखवलंय).

मग स्टेम सेलच मेल्या तर काय होतं? ऊस तोडला तरी खालच्या खोडातून खोडवा फुटतो, तसं आतड्यातही होतं, फक्त इथे आधी वेगळं काम करणाऱ्या पेशीसुद्धा मागे फिरून स्टेम सेल बनू शकतात, पॅनेथ सेलही सूज आल्यावर असं करताना उंदरांत दिसल्यात. जखमेजवळच्या पेशी काही काळ गर्भातल्या आतड्यासारख्या होतात, एलजीआर५ जवळजवळ बंद, वायएपी नावाचं प्रथिन चालू, आणि भराभर पसरून जखम झाकतात. झाकून झाल्यावर त्यांनी पुन्हा शहाण्यासारखं प्रौढ अस्तर व्हायचं असतं. आयबीडीत जखम आणि दुरुस्ती पुन्हा पुन्हा चालते आणि बायोप्सीत, म्हणजे तपासायला काढलेल्या अस्तराच्या तुकड्यात, त्याच्या खुणा राहतात, वाकडेतिकडे, फाटे फुटलेले क्रिप्ट, कमी झालेल्या गॉब्लेट सेल, आणि डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात जिथे पॅनेथ सेल असूच नयेत तिथे त्या दिसणं. पॅथॉलॉजिस्ट या खुणांवरूनच आजार जुना आहे असं ठरवतात.

सूज गेल्यावरही सगळं पुसलं जात नाही. पेशंटच्या बायोप्सीतून स्टेम सेल काढून, इम्यून पेशी अजिबात नसलेल्या डिशमध्ये ऑर्गनॉइड वाढवले तरी त्यांच्या डीएनएवरच्या मिथाइल खुणांमध्ये (कुठलं जीन चालू, कुठलं बंद हे ठरवायला मदत करणाऱ्या रासायनिक खुणा) निरोगी माणसाच्या तुलनेत फरक राहिलेला दिसतो. २०२० मध्ये तर तीन वेगवेगळ्या गटांनी, दोन जपानमधले आणि एक केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटचा, एकाच सुमारास दाखवलं की आजारी आतड्याच्या पेशींमध्ये जीनमधले बदल साठत जातात. सँगरच्या अभ्यासात बदल साठण्याचा वेग निरोगी आतड्याच्या साधारण २.४ पट निघाला. जपानी गटांपैकी एकात तेच सातो होते, आता टोकियोच्या केइओ विद्यापीठात. जिंकणाऱ्या पेशी कुठल्या, तर ज्यांचा आयएल-१७चा मार्ग बिघडलाय त्या, कारण सतत सूज असलेल्या जागी त्या मरत नाहीत आणि त्यांचे क्रिप्ट दुभागत दुभागत आजूबाजूला पसरतात. मला यातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते की याच मार्गातल्या एनएफकेबीआयझेड जीनमधला असा बदल असलेल्या पेशी कॅन्सरकडे झुकलेल्या दिसत नाहीत, उलट कॅन्सरच्या गाठींमध्ये हा बदल दुर्मिळ आहे. कॅन्सरचा धोका टीपी५३ हे कॅन्सर रोखणारं जीन बिघडलेल्या पेशींमधून येतो. एरवीच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये एपीसी हे तसंच दुसरं जीन आधी बिघडतं आणि टीपी५३ नंतर, कोलायटिसमधून होणाऱ्या कॅन्सरमध्ये बहुधा उलटा क्रम असतो, आणि गाठ कोंबासारखी वर न येता सपाट पसरते म्हणून कोलोनोस्कोपीत चुकायची शक्यता जास्त.

म्हणूनच जुलाब आणि रक्त थांबलं की औषध बंद, असं करू नये. लक्षणं गेलेली असताना अस्तर अजून सुजलेलं असू शकतं, आणि आता उपचाराचं ध्येय बरं वाटणं एवढंच नसून अस्तर भरून येणं हे धरतात. मोठ्या आतड्याचा बराच भाग आजारी असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी कॅन्सरवर नजर ठेवणारी कोलोनोस्कोपी सुरू करतात, आणि यकृताच्या नळ्यांचा पीएससी हा आजार सोबत असेल तर निदानापासून दरवर्षी. आपल्याकडे याआधीच दोन ठिकाणी वेळ जातो, शौचातून रक्त म्हणजे मूळव्याध असं धरून महिनोन्महिने काढले जातात, आणि क्रोन्सचं रूप आतड्याच्या टीबीसारखं असल्यामुळे दोन्ही वेगळे करणं चांगल्या डॉक्टरांनाही अवघड जातं. तेवढा काळ सूज चालूच असते.

स्टेम सेल थेरपी या नावाखाली जे विकलं जातं ते मात्र यातलं नाही. रक्त बनवणाऱ्या स्टेम सेलचं प्रत्यारोपण क्रोन्सवर करून पाहिलंय, २०१५ मध्ये आलेल्या युरोपातल्या चाचणीत ठरवलेलं ध्येय गाठता आलं नाही आणि दुष्परिणाम गंभीर होते. चरबीतून काढलेल्या पेशींचं डार्व्हॅडस्ट्रोसेल हे औषध क्रोन्सच्या फिस्टुलासाठी (गुदद्वाराजवळ पडणारी नळीसारखी वाट) युरोपात २०१८ मध्ये मंजूर झालं, पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा न दिसल्याने २०२४ मध्ये बाजारातून काढलं. आतड्याच्याच स्टेम सेल परत लावायचा प्रयत्न वेगळा आहे, टोकियोमध्ये २०२२ मध्ये कोलायटिसच्या एका पेशंटच्या स्वतःच्या निरोगी अस्तरातून ऑर्गनॉइड वाढवून ते एंडोस्कोपने त्याच्याच जखमेवर लावण्यात आले. हा प्रकार अजून संशोधनाच्या पातळीवरच आहे, कुठल्याही दवाखान्यात पैसे देऊन मिळणारा उपचार नाही.