ट्रॅकिंग डेटातला 'वेग' नेमका येतो कुठून

फुटबॉलची आकडेमोड जुनीच आहे. 1950 मध्ये इंग्लंडच्या हवाई दलातला एक हिशेबनीस स्टँडमध्ये बसून पेन्सिलने पास टिपायला लागला, मग 1990 चं दशक संपता संपता स्टेडियमच्या छपराखाली कॅमेरे लागले आणि बॉल पायात नसलेला खेळाडूही मोजता यायला लागला. 2000 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी मैदानाच्या कुठल्या तुकड्यावर कोण सगळ्यात आधी पोचेल हे प्रत्येकाचा वेग धरून काढलं, आज ज्याला पिच कंट्रोल म्हणतात त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. 2015 मध्ये जीपीएस व्हेस्ट घालून मॅच खेळायला नियमांत परवानगी मिळाली. पण हा सगळा डेटा क्लबांच्या कुलपात. 2018 मध्ये इव्हेंट डेटा (पास, शॉट अशा बॉलवरच्या घटनांची नोंद) फुकट मिळायला लागला तरी ट्रॅकिंग डेटा (प्रत्येक क्षणी कोण मैदानावर कुठे आहे याची नोंद) बाहेरच्या माणसाच्या हाती नव्हताच.

खरा बदल 2020 चा. एका कंपनीने खेळाडू आणि टीमची नावं काढून टाकून दोन मॅचेसचा ट्रॅकिंग डेटा सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फायलींत, खुला केला (तिसरी नंतर, वेगळ्याच फॉरमॅटमध्ये), आणि लॉकडाऊनमध्ये काही जाणकारांनी त्याच फायली घेऊन व्हिडिओवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली, कोडसकट. आज या क्षेत्रात असलेल्या कितीतरी जणांची सुरुवात तिथून झाली आणि माझ्या मते त्या दोन फायलींचं ऋण अजून कोणी नीट मांडलेलंच नाही. सेकंदाला 25 फ्रेम्स, म्हणजे 90 मिनिटांच्या 1,35,000, आणि प्रत्येक फ्रेममध्ये 22 खेळाडू अधिक बॉल, म्हणजे एका मॅचच्या 31 लाख जागा. त्याही मीटरमध्ये नाहीत, 0 ते 1 मध्ये, शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, त्यामुळे आधी मैदानाच्या मापाने, 105 बाय 68 मीटरने, गुणायचं, मग वाय उलटा करायचा.

पण त्या फायलीत वेगाचा कॉलम नव्हता, आणि सगळा गुंता इथेच आहे. जागेतला फरक भागिले 0.04 सेकंद केलं की वेग मिळतो, कागदावर. कॅमेऱ्याने टिपलेली खेळाडूची जागा नुसती 10 सेंटिमीटरने हलली तरी सेकंदाला 2.5 मीटर येतात, म्हणजे जागेवर उभा असलेला डिफेंडर ताशी 9 किलोमीटरने पळताना दिसतो. म्हणून त्या शिकवणीच्या कोडमध्ये दोन गोष्टी होत्या: 12 मीटर प्रतिसेकंदाच्या वरचं सगळं उडवायचं, आणि उरलेल्यावर साविट्झकी-गोले फिल्टर चालवायचा, विंडो (एका वेळी एकत्र धरायच्या फ्रेम्स) 7 फ्रेम्सची, पॉलिनॉमियल (त्यांतून बसवायची रेषा) 1 डिग्रीचा. हा फिल्टर 1964 चा आणि मुळात रसायनशास्त्रातला, आलेखातली शिखरं न दाबता खरखर काढायला केलेला. पण डिग्री 1 ठेवली की विंडोमधून सरळ रेष जाते, आणि त्या रेषेची मधली किंमत म्हणजे त्या सात आकड्यांची सरासरी, दुसरं काही नाही! म्हणजे कडेच्या फ्रेम्स सोडल्या तर तो साधा मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, म्हणजे सरकती सरासरी, आहे. शिकवण्यासाठी हे ठीकच होतं, पण तेच डीफॉल्ट जसंच्या तसं पुढे कॉपी झालं की 'साविट्झकी-गोलेने स्मूद केलं' या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. डिग्री 2 केली तर शिखरं जास्त टिकतात आणि थोडी खरखरही टिकते. विंडो 7 ऐवजी 25 केली तर पूर्ण सेकंदाची सरासरी होते आणि छोटी स्प्रिंट त्यात बुडून जाते. शिवाय 12 च्या वरची एक फ्रेम रिकामी केली की फिल्टरनंतर तिच्या आजूबाजूच्या मिळून सात फ्रेम्स कोऱ्या होतात.

हे बारीक वाटेल, पण पुरुषांच्या फुटबॉलमध्ये स्प्रिंटची रेघ बहुधा ताशी 25.2 किलोमीटरला मारतात, म्हणजे बरोब्बर सेकंदाला 7 मीटर, आणि 6.9 ला थांबलेला खेळाडू हिशोबात स्प्रिंट मारतच नाही. त्याच मॅचच्या त्याच फायलीतून दोन जण दोन वेगळे स्प्रिंट आकडे काढतात आणि दोघांचाही कोड बरोबर असतो. प्रवेग तर यावरून दुसऱ्यांदा काढायचा, तिथे चूक आणखी फुगते. विंडो आणि डिग्री लिहिल्याशिवाय वेगाचा आकडा छापूच नये असं मला मनापासून वाटतं.

पुढचं सगळं भराभर झालं. टीव्हीच्या प्रक्षेपणातून काढलेला ट्रॅकिंग डेटा आला, त्यात पडद्याबाहेरचा खेळाडू दिसतच नाही. 2021 मध्ये इव्हेंटच्या क्षणाचा गोठवलेला फोटो देणारा डेटा आला, त्यालाही लोक ट्रॅकिंगच म्हणतात पण त्यातून वेग निघत नाही कारण पुढची फ्रेमच नसते. 2022 च्या वर्ल्ड कपला ऑफसाइडसाठी 12 कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या शरीराचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपत होते. आणि 2025 मध्ये जर्मनीच्या वरच्या दोन लीगमधल्या सात मॅचेस नावांसकट खुल्या झाल्या, त्यात वेगाचा कॉलम आधीच भरलेला आहे, म्हणजे आपण काढलेला वेग त्याच्या शेजारी ठेवून आपली विंडो कुठे चुकते ते आता फ्रेमगणिक बघता येतं.