‘हे पाय’ आणि ‘मंग?’ : व्यंगचित्र वेगळं, वेबकॉमिक वेगळं

गेल्या पोळ्याला आमच्या गावात तिघांनी मला सांगितलं की त्यांनी वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर भागाभागानं येणारी चित्रकथा, सुरू केलीय. तिघांचंही काम पाहिलं. पावसात भिजलेलं सोयाबीन, खड्ड्यात बसलेली एसटी, निवडणुकीआधी हात जोडणारा पुढारी. एकेक चित्र, एकेक वार, आणि वार नेमके बसलेले. पण ती व्यंगचित्रं होती. तक्रार मात्र तिघांची एकच: “शेअर तर लय होते, पण कोणी परत येत नाही.” व्यंगचित्राकडून वेबकॉमिकचं काम मागितलं की हेच होणार. ही गल्लत मी इतक्या वेळा पाहिली की आता लिहूनच टाकते.

व्यंगचित्र म्हणजे काय, हे दिवाळी अंक चाळत वाढलेल्या मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. शि. द. फडणीसांच्या शब्दाविना चित्रांवर हसायला आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं. रंगीत की काळं-पांढरं, एक चौकट की आठ, कागदावर की मोबाइलवर, हे फरकही किरकोळ आहेत. व्यंगचित्र इन्स्टाग्रामवर टाकल्यानं वेबकॉमिक होत नाही, चार चौकटी पाडल्यानंही होत नाही. मीमचा तर इथे संबंधच नाही. दुसऱ्याच्या सिनेमातल्या फोटोवर वाक्य चिकटवणं म्हणजे चित्रकथा नव्हे.

तेच पात्र पुन्हा पुन्हा आलं की मालिका झाली, असंही अनेकांना वाटतं. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ 1951 पासून पुढे कित्येक दशकं तोच चौकडीचा कोट आणि तेच धोतर घालून येत राहिला. पण आजचं चित्र कळायला कालचं पाहिलेलं असावं लागत नव्हतं. पात्र जुनं, चित्र दरवेळी स्वतंत्र.

फरक ओळखायचा तर वाचून झाल्यावर माणूस काय बोलतो ते ऐका. व्यंगचित्र पाहणारा मोबाइल शेजाऱ्याकडे फिरवतो आणि म्हणतो, “हे पाय,” म्हणजे हे बघ. वेबकॉमिक वाचणारा मोबाइल हातातच ठेवतो आणि विचारतो, “मंग?” एकाला ते दुसऱ्याला दाखवायचं असतं, दुसऱ्याला पुढचं हवं असतं.

आपल्याकडे भागवत सप्ताह बसतो तेव्हा हे रोज दिसतं. महाराज कथा कुठेही सोडत नाहीत, नेमक्या जागी थांबवतात. दुसऱ्या दिवशी उशिरा पोचलेली बाई मांडवात बसता बसता शेजारणीला विचारते, “काल कुठवर आलं होतं?” ज्या कामाबद्दल असं विचारता येतं ते मालिकेच्या जातीचं. बाजाराच्या दिवशी बहुरूपी येतो, सोंग वठवतो, लोक हसतात, तो पुढच्या गावाला जातो. तीही मोठी कला आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण उद्या त्याच जागी बसून त्याची वाट कुणी पाहत नाही.

रोजची तीन-चार चौकटींची पट्टी या दोघांच्या मधे बसते. ‘चिंटू’ 1991 साली ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. गंमत त्या दिवशीच पूर्ण व्हायची, तरी घरोघरी पोरं पेपर हातात आला की आधी तेच शोधायची. कारण जागा ठरलेली होती आणि वेळ ठरलेली होती. वेबकॉमिकवाल्यानं हा धडा घ्यायचा असतो, आणि नेमका तोच घेतला जात नाही. ‘भाग 1’ असं मोठ्या अक्षरात लिहून टाकतात, दुसरा भाग दीड महिन्यानं येतो, तिसरा येतच नाही. याचा मला मनापासून राग येतो. वाचकानं “मंग?” विचारलं आणि आपण उत्तरच दिलं नाही, तर पुढच्या वेळी तो विचारणार नाही.

म्हणून पहिला भाग टाकायच्या आधी निदान दहा भाग काढून ठेवा. मी आठ ठेवले होते. सोयाबीनच्या सोंगणीत ते संपले आणि कापसाच्या वेचणीपर्यंत माझ्याकडे नवीन काहीच नव्हतं. वार ठरवा, तो मोडू नका. आठवड्याला एक भाग पुरे. मी रात्री नऊनंतर टाकते. शेतीची थ्री-फेज लाइन रात्रपाळीला असली की मोटारीवर बसलेला माणूस मोबाइलच पाहत असतो, आणि माझे निम्मे वाचक तिथलेच आहेत.

चित्र काढण्यातही हाच फरक उतरतो. व्यंगचित्रात शेवटची रेष सगळं मिटवते. वेबकॉमिकच्या शेवटच्या चौकटीत काहीतरी उघडं राहायला हवं. माझ्या मालिकेत एका भागाच्या शेवटी आजी नातीचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी भंगारवाल्याला देऊन टाकते आणि पोरगी शाळेतून येताना लांबून त्याचा गाडा पाहते. तिथेच थांबले. आठवडाभरानं चक्कीवर दळण घेऊन गेले तर एका बाईनं विचारलं, “मंग, नंदी भेटला का तिले?” कितीही लाइक आले असते तरी मी ते या प्रश्नासाठी सोडून दिले असते.

पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यातली भाषाही गावात बोलतात तीच असू द्या. वऱ्हाडी पात्राच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नका, आणि देवनागरी सोडून इंग्रजी लिपीत मराठी तर कधीच लिहू नका. ‘बालू’सारखे सुबक देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. ओळींमध्ये जागा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

आता प्रसार. व्यंगचित्राचा प्रसार म्हणजे फिरणं. व्हॉट्सॲपनं 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, 2020 पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो, तरी चांगलं व्यंगचित्र तालुका ओलांडतंच. माझं एक कापसाच्या काट्यावरचं चित्र असंच फिरलं आणि तीन ग्रुपांतून माझ्याकडेच परत आलं, खालचं नाव कापलेलं. त्या आठवड्यात मालिकेला नवे वाचक मिळाले चार. तेव्हापासून सही मी कोपऱ्यात न करता चित्राच्या आत करते, कधी पोत्यावर, कधी बंडीच्या चाकावर.

वेबकॉमिकचा प्रसार म्हणजे परतीची वाट सोपी करणं. नवा माणूस तेविसाव्या भागावर येऊन पडतो, त्याला पहिला भाग दोन बोटांत सापडायला हवा. इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट वर पिन करता येतात, त्यातली एक कायम भाग 1 असू द्या. एका पोस्टमध्ये आता वीस चित्रं बसतात, तेव्हा एक भाग दोन पोस्टमध्ये तोडू नका. वेबटूनसारख्या उभ्या सरकणाऱ्या मंचावर टाकायचं असेल तर 800 पिक्सेल रुंदीत मुळापासून तशीच मांडणी करा. आडवं पान कापून उभं केलं की अक्षरं वाचता येत नाहीत.

गावातल्या वाचकांसाठी मी व्हॉट्सॲप चॅनल निवडलं, ग्रुप नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, म्हणून मुली आणि सुना येतच नव्हत्या. चॅनलवर एका फॉलोअरचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. आता त्या येतात, आणि एकही भाग चुकवत नाहीत.

शेअर किती झाले हे मी मोजत नाही. पहिला भाग वाचणाऱ्यांपैकी पाचव्यापर्यंत किती टिकले, तेवढं पाहते. नवे वाचक आणायला आठवडी बाजारात पहिल्या भागाच्या झेरॉक्स वाटते, दोन पानं, पाठपोट. शेवटच्या चौकटीत भंगारवाल्याचा गाडा वळणावर दिसतो, आणि त्याखाली दुसऱ्या भागाचा क्यूआर कोड.