मृद्गंधाचा पत्ता

पहिल्या सरीनंतरचा मातीचा वास आपण कवितेत घालतो, पण तो आपल्यासाठी निघालेलाच नसतो.

बाल्कनीतली कुंडी उचलून बघा. खालच्या ओल्या थाळीत कधीकधी पांढरे ठिपके दिसतात आणि बोट लावलं की टुणकन उडतात. हे स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेली शेपटी खटक्यासारखी सुटते आणि एक-दोन मिलिमीटरचा जीव हवेत फेकला जातो. लगेच औषध फवारू नका. कुजका पाला आणि बुरशी हे त्यांचं मुख्य जेवण.

मातीच्या वासातला मुख्य रेणू म्हणजे जिओस्मिन. तो स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू बनवतात. आपलं नाक त्याच्या बाबतीत भलतंच तिखट: पाण्याच्या एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी कळतो. पण जिवाणूंनी हा खटाटोप करावा कशाला?

२०२० साली स्वीडन आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी याचं उत्तर दिलं. स्प्रिंगटेलच्या मिशा जिओस्मिन ओळखतात आणि तो वासाच्या मागावर येतो. स्ट्रेप्टोमायसिस अंगात इतकी विषं बाळगून असतो, की इतर बरेच जीव त्याच्या वाटेला जात नाहीत. स्प्रिंगटेलकडे मात्र ती पचवायची सोय आहे. तो ताव मारतो, आणि जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याच्या जणू बियाच, त्याच्या अंगाला चिकटून, विष्ठेतून दूरवर पोचतात. बुलबुलाने जांभूळ खावं आणि बी भलतीकडे टाकावी, तसंच. बीजाणू तयार होतात तेव्हाच वासाची जनुकंही चालू होतात, यावरून हे नुसतं योगायोगाचं प्रकरण नाही.

ती विषं म्हणजेच आपली औषधं. क्षयावर चाललेलं पहिलं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली अमेरिकेत रट्गर्स विद्यापीठात अशाच जिवाणूपासून मिळालं. आपल्याकडेही पिंपरीच्या मातीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या शास्त्रज्ञांना याच कुळातला एक जिवाणू सापडला. त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि त्याच्यापासून निघालेलं बुरशीवरचं औषध हॅमायसिन. जिवाणूच्या नावात पिंपरी, औषधाच्या नावात कंपनी! पुण्याच्या लोकलमधून रोज पिंपरी ओलांडणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल?

जिओस्मिन बिटातही असतं. बीट खाताना माती चावल्यासारखी वाटते ती त्यामुळे, आणि कितीही धुतलं तरी ती चव जात नाही. माझ्या घरी बिटाच्या कोशिंबिरीवरून होणारी भांडणं याच एका रेणूपायी.

या वासाला आणखीही एक गिऱ्हाईक आहे. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी अंडी घालायला जागा शोधते, तेव्हा जिओस्मिनचा वास तिला ओढून घेतो. साचलेल्या पाण्यातले काही सूक्ष्मजीव हाच वास सोडतात, आणि तिच्या अळ्यांना तेच खाद्य लागतं. म्हणून संशोधकांनी सापळ्यात बिटाच्या सालींचा अर्क ठेवून पाहिला, आणि माद्या तिथे अंडी घालायला आल्या.