व्हीलचेअरवरचे पाच टक्के : पार्श्वभूमी

स्वस्त व्हीलचेअर बनवणाऱ्या कोणत्याही देशी कारखान्याच्या बिलावर आज पाच टक्के जीएसटी दिसतो. चालता न येणाऱ्या माणसाच्या खुर्चीवर कर कशासाठी, हा प्रश्न २०१७ पासून विचारला जातो आहे. कर शून्य केला तर खुर्ची महागेल, हे सरकारचे उत्तरही तेव्हापासून तेच आहे. ऐकायला ते विचित्र वाटते, पण हिशेबात ते खोटे नाही. भांडण नेमके कुठे अडले आहे हे कळायला त्या 'शून्या'चे दोन अर्थ वेगळे करावे लागतात.

देशात वैद्यकीय आणि साहाय्यक साधने बनवण्याच्या धंद्याची जुनी हकिकत थोडक्यात सांगता येते. पुण्यात १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र निघाले. साठच्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सरकारी रुग्णालयात एका कारागिराने आणि अस्थिशल्यविशारदांनी मिळून रबराचा असा पाय घडवला, की तो लावून अनवाणी चालता येई, उकिडवे बसता येई, शेतात उतरता येई. १९७२ मध्ये कानपूरला कृत्रिम अवयव बनवणाऱ्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि १९७६ पासून तिथून माल बाहेर पडू लागला. १९८१ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून गरजूंना साधने मोफत किंवा सवलतीत मिळू लागली. १९९२ मध्ये मदुराईत मोतीबिंदूच्या भिंगांचा कारखाना उभा राहिला आणि आयात भिंगाच्या तुलनेत किंमत कितीतरी पटींनी खाली आली.

एवढ्या वर्षांत कर हा विषय फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. व्हीलचेअरला अबकारी करातून सूट होती, बऱ्याच राज्यांत व्हॅटही लागत नसे. नळीवर, टायरवर, रंगावर भरलेला कर किमतीत मुरलेला असायचा, पण बिलावर तो दिसत नसल्यामुळे कोणी बोलत नसे.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो बिलावर दिसू लागला. अपंगांच्या संघटनांनी लगेच विरोध केला. 'हा चालण्यावरचा कर आहे' असे म्हटले गेले, आणि मला ते अतिशयोक्त वाटत नाही. सरकारने त्याच महिन्यात खुलासा केला : वस्तू करमुक्त केली तर उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे विक्रीवरच्या करातून वजावट, मिळणार नाही, तो खर्च किमतीत जाईल आणि आयात माल वरचढ ठरेल.

आकडे कल्पित घेऊन पाहू. दहा हजारांच्या खुर्चीत सहा हजारांचा माल आहे आणि त्यावर अठरा टक्क्यांनी १,०८० रुपये कर भरलेला आहे. खुर्ची करमुक्त असेल तर हे १,०८० कुठेच वळते होत नाहीत. नफा तेवढाच ठेवायचा तर खुर्ची ११,०८० ला विकावी लागते. पाच टक्के कर असेल तर गिऱ्हाईक १०,५०० देते. कारखानदार ५०० रुपये कर क्रेडिटमधून भागवतो आणि उरलेले ५८० सरकारकडे परत मागतो. म्हणजे सरकारचा हिशेब बरोबर आहे.

पण मागणी करमुक्तीची नव्हतीच, असे विरोधकांतल्या जाणत्यांचे म्हणणे होते. कायद्यात दोन शून्ये आहेत. 'करमुक्त' म्हणजे विक्रीवर कर नाही आणि क्रेडिटही नाही. 'शून्य दर' म्हणजे विक्रीवर कर नाही, तरी मागचा सगळा कर परत. हे दुसरे शून्य कायद्याने निर्यातीला आणि विशेष आर्थिक क्षेत्रांना दिले आहे. परदेशी जाणाऱ्या खुर्चीला ते मिळते, इथल्या माणसाच्या खुर्चीला मिळत नाही. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल हे खरे, पण ती अशक्य होती असे कुणी दाखवून दिलेले नाही. खुलाशात पहिल्या शून्याचे तोटे सांगितले गेले. दुसऱ्याची चर्चा व्हायला हवी होती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, दर मात्र पाच टक्केच राहिला.

तिसरी वाटही होती. श्रवणयंत्रे सुरुवातीपासून करमुक्त होती, आणि जानेवारी २०१८ मध्ये ती बनवायला लागणारे सुटे भागही करमुक्त झाले. म्हणजे अडकणारा करच बराचसा काढून टाकला. व्हीलचेअरच्या सुट्या भागांवर तर तोवर २८ टक्के होते! पाच टक्क्यांच्या खुर्चीचे चाक बदलायचे तर २८ टक्के. १ जानेवारी २०१९ पासून तेही पाचवर आले. नळी, कापड यांसारखा सर्वसाधारण माल अर्थातच आपापल्या दराने येत राहिला.

परतावा कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या सूत्रात मालावरचा कर धरतात, सेवांवरचा आणि यंत्रसामग्रीवरचा धरत नाहीत. डिझाइन, वाहतूक, नवे वेल्डिंग यंत्र, सगळे बाहेर. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही मर्यादा ग्राह्य धरली. वीस कामगारांच्या कारखान्याला परतावा येईपर्यंतचे खेळते भांडवल स्वतःच्या खिशातून उभे करावे लागते, त्यामुळे पाच टक्क्यांच्या हिशेबातला फायदा त्याच्या हातात पूर्ण पडत नाही.

दरम्यान आणखी एक बदल झाला. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे कायद्याने 'औषध' ठरली. व्याख्येत अपंगत्वात साहाय्य करणारी साधनेही बसतात. अगदी कमी जोखमीच्या, निर्जंतुक न केलेल्या आणि मोजमाप न करणाऱ्या उपकरणांना पुढे परवान्यातून सूट मिळाली, नोंदणी राहिली. छापील किंमत वर्षभरात दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हा नियमही तेव्हाच सर्व उपकरणांना लागू झाला. गिऱ्हाइकासाठी तो चांगलाच आहे. पण परतावा उशिरा येत असेल तर उत्पादक तो भार किमतीवरही फारसा टाकू शकत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वैद्यकीय उपकरणांवरचा दर बारा-अठरावरून पाचवर आला. व्हीलचेअर होती तिथेच आहे. मात्र विक्रीवर पाच आणि कच्च्या मालावर अठरा, ही तिची जुनी अडचण आता ग्लुकोमीटर आणि थर्मामीटर बनवणाऱ्यांच्याही वाट्याला आली आहे. हे दर ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेच्या बैठकीतच अशा परताव्याचा ९० टक्के भाग आधी देण्याची शिफारस झाली. ती २०१७ मध्येच झाली असती, तर छोट्या कारखान्यांची आठ वर्षांची ओढाताण बरीच कमी झाली असती.