शिकार की लांबचा नेम? रायफलीचं कॅलिबर ठरवताना

.३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम, या तिन्ही काडतुसांतली गोळी एकाच जाडीची असते: ७.८२ मिमी. तरीही एकाचं काडतूस दुसऱ्याच्या रायफलीत चालत नाही. पहिल्याची पितळी पुंगळी ५१ मिमी लांब, दुसऱ्याची ६३, तिसऱ्याची साधारण ६७. पुंगळीत दारू जास्त मावली की वेग वाढतो आणि खांद्याला बसणारा धक्काही वाढतो. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या भोकाची रुंदी. म्हणून काडतूस मागताना नुसतं ‘थर्टी कॅलिबर’ म्हणू नका, पूर्ण नाव सांगा. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव प्रत्येक वेळी ताडून बघा. चुकीचं काडतूस जिवावर बेतू शकतं.

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक ‘सगळ्यात ताकदवान कोणतं?’ असं विचारतात. आम्ही उलट विचारतो: किती अंतरावर, कशावर, आणि सराव किती करणार?

शिकारीत गोळी योग्य जागी लागणं आणि आत जाऊन नीट फुलणं, म्हणजे पसरून रुंद होणं, महत्त्वाचं. जनावर तडफडू नये ही शिकाऱ्याची जबाबदारी आहे. लहान हरणांसाठी १९५५ सालचं .२४३ विंचेस्टर पुरतं, धक्काही सौम्य. मध्यम आकाराच्या जनावरांसाठी १९२५ चं .२७० किंवा १९५२ चं .३०८ भरवशाचं. मूससारख्या अवाढव्य प्राण्यासाठी .३०-०६ मध्ये १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मजबूत गोळी घ्यावी. काही देशांत कोणत्या जनावराला किमान कोणतं कॅलिबर हे कायद्यानेच ठरवलेलं असतं. परवान्यासोबत तेही आधी पाहा.

लांब अंतराचं गणित वेगळं. तिथे वारा आणि हवेचा रोध खरा त्रास देतात. २००७ मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९ ग्रॅमची गोळी लांबट, सडपातळ असते. .३०८ ची १६८ ग्रेनची नेमबाजीची गोळी जवळपास त्याच वेगाने निघते, पण हवा तिला लवकर मंदावते. समुद्रसपाटीच्या आसपास ती ९०० मीटरच्या सुमारास ध्वनीच्या वेगाखाली येते, आणि त्या टप्प्यात गोळी डळमळू शकते. क्रीडमूरची गोळी तो टप्पा बरीच पुढे गाठते, वाऱ्यानेही कमी सरकते.

मग लांबच्या नेमाची तीच गोळी शिकारीलाही का नको? कारण बऱ्याचशा नेमबाजीच्या गोळ्या जनावरात फुलण्यासाठी बनवलेल्याच नसतात. कधी त्या आरपार जातात, कधी वरच्यावर फुटतात. शिकारीच्या गोळीलाही फुलायला ठरावीक वेग लागतो. अनेक गोळ्यांसाठी तो सेकंदाला ५५० मीटरच्या आसपास असतो. तुमच्या गोळीचा वेग कोणत्या अंतरावर तिथवर उतरतो, ते उत्पादकाच्या तक्त्यात बघा. त्यापुढे जनावरावर बार टाकू नका, कागदी लक्ष्यावर कितीही छान नेम लागत असला तरी.

एकाच रायफलीवर दोन्ही करायचं असेल तर आमचं स्पष्ट मत: ६.५ क्रीडमूर किंवा .३०८. पहिली रायफल मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या जोरदार काडतुसाची, नको. धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि खांदा दचकतो, ही सवय मोडायला फार वेळ लागतो. शिवाय मॅग्नमची नळी लवकर झिजते, काडतुसंही महाग, त्यामुळे सराव कमी होतो.

नळीच्या आत गोळीला फिरवणाऱ्या आट्या असतात, त्यांचा पीळही विचारून घ्या. लांब गोळी स्थिर राहायला घट्ट पीळ लागतो: ६.५ क्रीडमूरला साधारण ८ इंचांत एक फेरा, .३०८ ला १० किंवा १२ इंचांत. मग दोन-तीन प्रकारच्या गोळ्या घेऊन १०० मीटरवर त्याच नळीतून झाडून बघा. ज्या प्रकारच्या गोळ्या लक्ष्यावर एकमेकींच्या सर्वांत जवळ लागतात, त्याचीच काडतुसं साठवा.