रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून मुलाचं दुखणं खोटं ठरत नाही. तरीही इंदूरच्या आपल्या मराठी घरांत, बेंबीला हिंग लावून आणि ओवा देऊन झाला की कुणीतरी म्हणतंच, "शाळा बुडवायची नाटकं." हे ऐकून मूल आणखी मिटून जातं.

सोनोग्राफीत पोटाची रचना दिसते, संवेदना दिसत नाही. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात आणि त्यांचं मेंदूशी अखंड बोलणं चालू असतं. काही मुलांत, कधी जुलाब-उलट्या होऊन गेल्यावर, या चेता हळव्या होतात. मग साधा गॅसही दुखतो आणि परीक्षेच्या भीतीनं ते दुखणं वाढतं. डॉक्टर याला 'फंक्शनल' म्हणतात.

आधी डॉक्टरांनी धोक्याच्या खुणा पाहायच्या: वजन घटणं, शौचात रक्त, झोपेतून उठवणारं दुखणं, वाढ खुंटणं. माळव्यात गहू रोजचा, म्हणून सीलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणीही हवी. ती होईपर्यंत पोळी बंद करू नका. गहू सोडल्यावर तपासणी फसवी येऊ शकते.

या खुणा नसतील, तर तपासण्या वाढवत नेण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून उपचार करावेत, तेही पहिल्यापासून. सगळं थकल्यावर मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं, की आईवडिलांना वाटतं, आपल्या मुलाला वेडं ठरवलं.

मानसशास्त्रज्ञाचं काम फार ठोस असतं. पोटातून श्वास घेणं, दुखण्याची भीती कमी करणं हे तो मुलाला शिकवतो. आणि आईवडिलांनाही शिकवतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात मुलांना पोट तुडुंब होईपर्यंत पाणी पाजलं. ज्यांच्या पालकांना काहीच सूचना नव्हती त्या मुलांच्या तुलनेत, ज्यांच्या पालकांनी दुखण्याची विचारपूस केली त्यांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या. ज्यांनी लक्ष दुसरीकडे वळवलं त्यांच्या निम्म्यावर आल्या. दुखण्यावर विश्वास ठेवायचा, पण दर तासाला "अजून दुखतंय का?" विचारायचं नाही. आईच्या जिवाला हे जड जातं, म्हणूनच तिलाही आधार लागतो.

आहारतज्ज्ञ खाण्याच्या वेळा आणि चोथा पाहतो, सरसकट पथ्य लादत नाही. मलावरोध असेल तर जेवणानंतर पाय टेकवून पाच-दहा मिनिटं शौचाला बसण्याची सवय लावतात.

वर्गशिक्षिकाही या चमूतल्याच. मुलाला हात वर न करता स्वच्छतागृहात जाऊ द्यावं, आणि दुखणं पूर्ण थांबायची वाट न पाहता, सुरुवातीला अर्धा दिवस का होईना, शाळेत बसवावं.